बारा झाडांचा गेम

रिना गेम खेळत नव्हती. ती गेम बनवत होती. भात खाणाऱ्या माणसाला कोणी रोवणी करणारा म्हणत नाही, मग या दोन गोष्टींतला फरक अख्ख्या कोसमटोल्यात एकालाही कळू नये? घरं छत्तीस, माणसं दीडशेच्या आसपास, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "पोट्टी दिवसभर गेम खेळते."

"खेळत नाई, बनवून राह्यली," ती म्हणायची.

"तेच ते," लोक म्हणायचे.

या ‘तेच ते’नं तिचं डोकं असं फुटायचं, वणव्यात बांबूचं पेर फुटावं तसं.

लॅपटॉप तिचा नव्हता हे खरं. तो ग्रामसभेचा. तेंदूपानाच्या आणि बांबूच्या कामासाठी एका संस्थेनं तो गावाला दिला होता, आणि समितीचे अध्यक्ष सोमाजीकाका यांनी प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढता तो आपल्या घरी धानाच्या कोठीवर ठेवून दिला होता. दीड वर्ष तो तिथंच. दहावीची परीक्षा झाली तशी रिना जाऊन तो मागून घेऊन आली, सुरू केला, चुकत चुकत शिकली आणि महिनाभरात सगळ्या गावाचे फॉर्म भरून दिले. जे तालुक्याला चार-चार चकरा मारून होत नव्हते, ते. तेव्हा सगळे खूश. तेव्हा ग्रामसभेत ठराव झाला, लॅपटॉप वर्षभर रिनाकडं. ते वर्ष एक मेला संपत होतं.

होळी झाली आणि बोरिंगवर पाणी भरताना सोमाजीकाकांनी तिला गाठलं.

"रिना, एक तारखेले ग्रामसभा हाय. लॅपटॉप आनून ठेवजो."

"काका, माझा गेम व्हायचा आहे अजून."

"वर्ष झालं न तुले?"

"थोडासाच राह्यला."

"हे तू दिवाळीतबी सांगतली होती." काकांनी घागर खांद्यावर घेतली. "समितीच्या ऑफिसच्या कामाले लागते आता. गेम खेळाले का दिला होता तो?"

रिनानं तोंड उघडलं, पण काका गेले होते. आणि ती तिथंच उभी, हापशाचा दांडा धरून. रागावर राग, कारण काकांचं एक वाक्य खोटं होतं पण एक खरं होतं. दिवाळीतही ती हेच म्हणाली होती.

गेम सुरू झाला तोही रागातूनच. अकरावीला ती ब्रह्मपुरीला जायला लागली. सकाळची बस, खिडकीला काच नाही. दुसऱ्याच महिन्यात वर्गात वाघाचा विषय निघाला आणि बाजूला बसणारी दिव्या म्हणाली, "तुमच्याच गावची होती न वं ती बाई? पेपरात आलं होतं."

हो. जंगूकाकाची बायको, स्वातीकाकी. रिना नववीत होती तेव्हा मोहाच्या दिवसांत गेली. पेपरात चार ओळी आल्या होत्या. ‘मोहफूल वेचण्यासाठी एकटीच जंगलात गेलेल्या महिलेचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू.’ खाली वन्यजीवांबद्दल सावध राहण्याचं आवाहन.

"मंग जाता कायले?" दिव्यानं विचारलं. पोरगी वाईट नव्हती. खरंच विचारत होती. "तेबी एकटी?"

रिनाला त्या वेळी उत्तर आलं नाही. येतच नाही न वेळेवर. बसमध्ये आलं, घरी जेवताना आलं, तीन दिवस येत राहिलं. आणि चौथ्या दिवशी तिला वाटलं, सांगून काय होते? यांच्या हातात टोपली द्यावी आणि म्हणावं, जा, वेचून दाखवा. लॅपटॉप होता. गेम बनवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं. गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या अर्ध्या शिडीवर. टाकी चार वर्षांपासून अर्धीच बांधलेली, त्यामुळे तिथं पाणी नव्हतं पण नेटवर्क होतं. शिडीवर बसून तिनं ते उतरवून घेतलं.

पहिले दोन महिने तर ती उडतच होती. फुलं झाडावरून पडायच्या ऐवजी आभाळात चालली, कारण तिनं एका आकड्यापुढं उणेचं चिन्ह टाकलं होतं. बाईच्या डोक्यावरची टोपली बाईला मागं सोडून एकटीच घरी गेली. रिना पोट धरून हसली आणि मग दुरुस्त केलं. स्वतः. कोणाला न विचारता. दिवाळीपर्यंत जंगल उभं राहिलं. मोहाची बारा झाडं, एक बाई, एक टोपली, उगवणारा सूर्य, आणि कधीही कुठूनही येणारा वाघ. वाघ आला की पळायचं बटण.

आणि मग ती अडकली. बंद पडली असं नाही, काम रोज चालूच होतं. पण शेवट जवळ आला की तिला काहीतरी नवीन सुचायचं. पाऊस टाकला. अस्वल टाकलं. शनिवारचा बाजार टाकला, त्यात भजी तळणारा माणूस टाकला, आणि त्याच्या कढईतून धूर निघावा म्हणून नऊ दिवस घालवले. मुख्य पानाचा रंग तीनदा बदलला. गेम म्हणजे जणू लग्नाचा मांडव झाला होता, रोज कोणी एक तोरण बांधून जातं पण लग्न काही लागत नाही.

सोमाजीकाकांचा मुलगा निकेश गडचांदूरला डिप्लोमा करत होता. तो सुट्टीत यायचा आणि गाडी उभी करायच्या आधी विचारायचा, "किती टक्के?"

"ऐंशी," रिनानं एकदा सांगितलं. चूक झाली. पुढच्या वेळीही ऐंशीच होतं. त्याच्या पुढच्या वेळीही. मग गावातली शेंबडी पोरंसुद्धा तिला ऐंशी टक्के म्हणून हाका मारायला लागली. ज्यांना ऐंशीपर्यंत मोजता येत नाही ती.

तर, हातात दिवस होते पस्तीस.

मोह पडायला लागला होता. पहाटे उठून बायकांबरोबर जायचं, उन्हं तापायच्या आत परत, अंगणात फुलं पसरायची आणि मग कॉलेज नसेल त्या दिवशी लॅपटॉप. घरभर तो गोड, जड वास. एका रविवारी रिनानं ठरवलं की आता कोणाला तरी खेळायला देऊन पाहायचं. शेजारची बुधरी आत्या अंगणातल्या फुलांवर बसलेल्या कोंबड्या हाकलत होती. रिनानं गेम मायच्या मोबाइलमध्ये टाकला आणि तो आत्याच्या हातात दिला.

"हे बोटानं सरकवलं की बाई चालते. झाडाखाली गेली की वेचते. बस."

आत्यानं लुगड्याला हात पुसले. मोबाइल दोन्ही हातांत धरला, पाण्याचा गडू धरावा तसा. बाई चालली. पहिल्या झाडाखाली गेली, वेचलं. दुसऱ्या झाडाखाली गेली, वेचलं. मग थांबली.

"झालं," आत्या म्हणाली.

"झालं नाई आत्या, टोपली अर्धी आहे. बाकीची झाडं पाय न. दहा राह्यली."

"ते कोनाची हायत?"

"कोनाचीच नाई."

आत्यानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू पोरगी तापात बरळते आहे. "कोनाचं नाई असं मोहाचं झाड असते का कुठी?"

"अवं आत्या, गेम आहे तो. सारी झाडं आपलीच. जेवढं वेचशील तेवढे पॉइंट."

"माहे झाडं दोन हायत. नाल्यावरचं अन् खडकावरचं. ते वेचले मी." आत्यानं मोबाइल परत केला. "लोकाच्या झाडाखाली टोपली घेऊन जाऊ का या वयात?"

रिनाला रडू यायचं राहिलं होतं. एवढं शिकून, एवढं करून, आणि पहिलीच बाई खेळायलाच तयार नाही. तिनं मोबाइल मायला दिला. माय म्हणजे रुखमा, गावात सगळ्यांत भरभर वेचणारी. ही तरी वेचेल.

मायनं बाईला घराच्या दारात उभं केलं आणि हलवलंच नाही. एक मिनिट गेलं. सूर्य चढायला लागला.

"माय, चाल न."

"बाकीच्या कुठी हायत?"

"कोन बाकीच्या?"

"बायका. येऊन राह्यल्या असतीन न. थांबते मी."

"कोनी नाई येत. एकटीच आहे ती."

"एकटी कशी जाईन वं?" माय म्हणाली, अगदी साधेपणानं, आणि मोबाइल खाली ठेवून भात पाहायला आत गेली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अजून तीन बायकांनी हेच केलं. कोणी विचारलं झाड कोणाचं, कोणी विचारलं आमच्या घरून कोण चाललं. एकीनं तर वाघ दिसल्यावर पळायचं बटण दाबायला साफ नकार दिला. "पळाचं नसते पोरी. पाठ दाखवली का गेली." रिना नुसती धुमसत होती. यांना शिकवून उपयोग नाही. हा गेम यांच्यासाठी नाहीच. हा समजणाऱ्यांसाठी आहे.

समजणारा दुसऱ्या दिवशी आला. निकेशनं मोबाइल घेतला, पाय गाडीवर ठेवले, आणि दीड मिनिटात बाराही झाडं साफ केली. बाई या झाडाखालून त्या झाडाखाली, एकटी, भूत लागल्यासारखी. वाघ आला, पळाली, परत आली, राहिलेलं उचललं. पॉइंट पूर्ण.

"झाला का? मंग काय?"

"मंग दुसरी लेव्हल."

"त्यात काय?"

"अजून झाडं."

निकेशनं जांभई दिली. "बोर आहे बे. बंदूक दे तिले. वाघाले मारलं का शंभर पॉइंट. चालते मंग."

रिनानं ऐकलंच नाही. तिचं लक्ष मोबाइलकडं होतं. पडद्यावर ती बाई उभी होती. बाराही झाडांखालची जमीन चाटूनपुसून रिकामी, आणि टोपली भरून सांडलेली. निकेशनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. गेम जे सांगत होता तेच त्यानं केलं. आणि गेम सांगत होता की लोकांची झाडं लुटा, एकटीनं जा, कोणासाठी थांबू नका. अशी बाई गावात निघाली असती तर तिला कोणी पाणी पाजलं नसतं.

एकटी. हा शब्द तिला टोचला आणि टोचतच राहिला. मोबाइल हिसकावून घेऊन ती तडक बुधरी आत्याकडं गेली.

"आत्या, स्वातीकाकी गेली त्या दिवशी एकटी होती?"

आत्या सुपात फुलं पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"कोन म्हनते?"

"पेपरात होतं."

"पेपरवाला होता का तिथी?" आत्याचा आवाज चढला. त्या दिवसाबद्दल गावात कोणी बोलत नसे, आणि रिनानं तिला असं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "चौघी होतो आमी. मी होती, तुही माय होती, सोमाजीची बायको होती. पाळीपाळीनं एक उभी राहे अन् तिघी वाकत. मी उभी होती तवा. मी पायत होती." तिनं सूप खाली ठेवलं. "तरी आला तो. कुठून आला मले आजवर कळलं नाई. आमी बोंबललो, काठ्या आपटल्या, तो सोडून गेला. तिले आमीच उचलून आनलं. एकटी होती म्हनते."

अंगणातल्या कोंबड्या पुन्हा फुलांवर आल्या. दोघींपैकी कोणी हाकललं नाही.

"मंग तिचं झाड?" रिनानं विचारलं.

"तळ्याकाठचं? दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या बायका गेलो. पयलं तिचं वेचलं, मंग आपापलं. जंगूच्या आंगनात नेऊन पसरवलं. तो काही बोलला नाई, आमीबी नाई. तवापासून दर वर्षी पयला दिवस तिच्या झाडाचा. तू येते न आमच्यासंगं, तुले का वाटलं, आपन तिथी कायले जातो?"

रिनाला वाटायचं की ते झाड वाटेवर आहे, म्हणून.

ती घरी आली. लॅपटॉप उघडला. पेपरवाल्याचा राग आला होता, दिव्याचा आला होता, निकेशचा तर रोजच यायचा. आणि सात-आठ महिने खपून, शिडीवर चढून, कढईतला धूर नऊ दिवस काढून तिनं काय बनवलं होतं? पेपरातल्या त्या चार ओळी. फक्त रंगीत. आता जो राग आला तो इतरांवर काढता येण्यासारखा नव्हता.

तिनं पाऊस काढून टाकला. अस्वल काढलं. बाजार काढला, भजीवाला, कढई, धूर, सगळं. सात लेव्हल काढल्या. एकच ठेवली, एकच सकाळ. नऊ दिवसांचा धूर जायला एक सेकंद लागला. पाचव्या-सहाव्या वेळी बटण दाबताना तर मजाही यायला लागली. इतके महिने तिला शेवट सापडत नव्हता म्हणून ती मध्येच भर घालत बसली होती. आता शेवट माहीत होता. जंगूकाकाचं अंगण.

मग तिनं कामाला जुंपून घेतलं. आधी प्रत्येक झाडाला एक प्रश्न जोडला, ‘कोणाचं?’ बाराही झाडांना बारा उत्तरं, आणि ती उत्तरं ती बुधरी आत्याकडून घेऊन आली. एका झाडावरून आत्या आणि माय यांच्यात अर्धा तास भांडण झालं तेही ऐकून घेतलं. आता बाई घरातून निघाली की तिला तीन दारांत जाऊन हाक द्यावी लागायची. चौघी झाल्याशिवाय जंगलाची वाट उघडायची नाही. तिघी वाकल्या की चौथीनं उभं राहायचं. चौघीही एकदम वाकल्या तर झुडूप हलायचं. वाघ कुठं दिसायचाच नाही, नुसतं झुडूप. पळायचं बटण काढून टाकलं. त्या जागी ‘उभी राहा’. दुसऱ्याच्या झाडाखाली वेचलं तर टोपली भरायची, कोणी अडवायचं नाही, पण बायकांचं बोलणं बंद व्हायचं आणि पुढच्या वेळी हाक दिली तर दार उघडायचं नाही. आणि सगळं नीट करूनही, अगदी सगळं, कधी कधी झुडूप हलायचंच. हे ठेवावं की नाही यावर तिनं दोन दिवस घालवले. ठेवलं.

एप्रिलच्या शेवटी ऊन असं की लॅपटॉप तापून बंद पडायचा. ती ओलं फडकं खाली घालून बसायची. चौथी बाई तीन वेळा झाडात अडकली, पाय बाहेर आणि डोकं खोडात. एकदा चौघी जणी जंगूकाकाच्या अंगणात पोचल्या आणि गोल गोल फिरतच राहिल्या, गेम काही संपेना. रिनाला वाटलं, झालं, आपल्या नशिबात ऐंशीच. चार दिवस उरले होते. पण मग आत्याचा चेहरा आठवायचा, ‘एकटी होती म्हनते’, आणि हात पुन्हा चालायचे. राग असा कामाला येतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आजवर तो नुसता वाया जात होता.

एकोणतीस तारखेला दुपारी चौघींनी अंगणात टोपली ओतली आणि पडद्यावर काहीच राहिलं नाही. फक्त वाळत घातलेली फुलं. तिनं अकरा वेळा खेळून पाहिलं. अकराही वेळा संपला.

एक मेला ग्रामसभा गोटुलाजवळ, म्हणजे गावच्या समाजघराजवळ, घातलेल्या मांडवात. तेंदूचा विषय झाला, बांबूचा झाला, टाकीचा पुन्हा पुढच्या वेळेवर गेला. मग सोमाजीकाका म्हणाले, "लॅपटॉप आनली का रिना?"

"आनला. पण आधी गेम पाहा."

"पोट्टे खेळतीन त्यो, आमाले काय त्याचं?"

"पोट्ट्यांसाठी नाई. तुम्ही खेळा काका. सगळ्यांसमोर."

कोणीतरी हसलं. काका अध्यक्ष होते, मागं कसे हटणार? टेबलावर लॅपटॉप ठेवला, मागं सारं गाव दाटलं. काकांनी तीन दारांत हाका दिल्या. चौघी निघाल्या. आणि जंगलात पोचताच काकांनी बाईला सरळ नाल्यावरच्या झाडाखाली नेलं आणि वेचायला लावलं.

"सोमाजीभाऊ," बुधरी आत्या मागून म्हणाली, "ते माहं झाड हाय."

"गेममदी वं बाई."

"गेममदी झालं म्हनून काय झालं? नाल्यावरचं हाय ते. दिसत नाई का?"

"मले कसं मालूम?"

"साऱ्या गावाले मालूम. अध्यक्षालेच नाई."

मांडव हसला. काकांनी घाईघाईनं बाईला बाजूला घेतलं, पण पडद्यावरच्या बायकांचं बोलणं बंद झालं होतं ते झालंच. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. या वेळी ते विचारून विचारून चालले. हे कोणाचं, ते कोणाचं, आणि मागून पंधरा आवाज सांगत होते. "उभी कर एकीले, उभी कर," माय ओरडली. निकेशनं विचारलं, वाघ कुठी आहे, तर त्याची आईच म्हणाली, "दिसला असता तर काय पायजे होतं रे?"

शेवटी तळ्याकाठचं झाड आलं. काकांनी कोणाला विचारलं नाही. मागूनही कोणी सांगितलं नाही. चौघी वेचत होत्या, मांडवात पंख्याची तेवढी घरघर. टोपली अंगणात ओतली गेली.

जंगूकाका अगदी मागं खांबाला टेकून बसला होता. लोकांनी वाट करून दिली तसा पुढं आला. पडद्याकडं वाकून पाहिलं.

"हौ," तो म्हणाला. "असंच पसरवलं होतं." आणि परत जाऊन खांबाला टेकून बसला.

थोड्या वेळानं सगळे एकदम बोलायला लागले. कोणाला आपला बैल पाहिजे होता. कोणी म्हणालं अस्वल टाक, अस्वलाशिवाय जंगल कसं. बुधरी आत्याला तिचा कुत्रा पाहिजे होता, जो सोबत असतोच. आणि माय, सख्खी माय, म्हणाली की ते भांडणाचं झाड आपल्या नावावर कर.

मागच्या महिन्यापर्यंत रिनानं यातलं एकेक आनंदानं टाकलं असतं, आणि पुढची होळी आली असती.

"नाई," ती म्हणाली.

"कुत्राच त हाय वं," आत्या म्हणाली. "बारीकसा."

"नाई आत्या. झाला तो. आता त्यात काहीच जात नाई."

"झाला न?" सोमाजीकाका उठले. "मंग ठेव लॅपटॉप इथी. काम संपलं तुहं."

रिनाला क्षणभर ऐकू आलं ते खरं वाटलं नाही. मग तिचा आवाज असा फुटला की गोटुलावरची कबुतरं उडाली.

"काका, गेम होत नव्हता तवा म्हनत होते, ही काही करतच नाई, आना लॅपटॉप. आता झाला तर म्हनता, झालं, आना लॅपटॉप. मंग माणसानं ठेवावा कवा ते तरी सांगा. अर्धं काम केलं तरी तुमचं, पुरं केलं तरी तुमचं. तुमच्या घरी दीड वर्ष कोठीवर होता, तवा कोनी मागितला नाई. साऱ्या गावाचे फॉर्म कोनी भरले? या वर्षी तेंदूचे कागद कोन भरनार आहे, निकेशदादा? त्याले विचारा, जमते का."

निकेश मोबाइलमध्ये पाहायला लागला.

काका काही बोलणार तोच मागून जंगूकाकाचा आवाज आला, हळू. "तिच्याकडंच असू द्या."

त्यावर मग अर्धा तास चर्चा. पण ती कशी वळणार हे सगळ्यांना कळलं होतं. ठरलं असं, की तेंदूचा हंगाम संपेपर्यंत लॅपटॉप ऑफिसात, कागद रिनानं भरायचे, आणि जून लागला की तो परत तिच्याकडं, बारावी होईपर्यंत. रिनाला हे पटलं. तिचं त्यातलं काम खरंच संपलं होतं. गेम चर्चेच्या त्या अर्ध्या तासात गावातल्या सतरा मोबाइलमध्ये गेला होता, आणि सकाळीच तिनं शिडीवर चढून तो दिव्याला पाठवला होता. सोबत काही लिहिलं नव्हतं.

ती लॅपटॉप घेऊन टेबलाजवळ गेली आणि ठेवला. काकांनी रजिस्टर मिटलं होतं.

"लिहिलं का काका? जूनचं?"

"लिवतो न. सारं गाव ऐकलं, ध्यानात राह्यते. विश्वास नाई का तुले?"

"नाई," रिना म्हणाली.

काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग मायकडं पाहिलं. माय दुसरीकडं पाहत होती. मग त्यांनी रजिस्टर पुन्हा उघडलं, चष्मा लावला आणि लिहायला लागले. रिना त्यांच्यासमोर उभी राहून उलट्या बाजूनं एकेक अक्षर वाचत होती. शेवटी त्यांनी सही केली, तारीख टाकली.

तेव्हा कुठं तिनं पाठीमागं धरलेला चार्जर टेबलावर ठेवला.